एकशे अठरा नंबरचा फोटो

बारामती, ६ जुलै २०२५

ती. आक्कास,

नमस्कार. साष्टांगाचं नंतर बघू, सध्या कंबर धरली आहे. पंधरा दिवस स्कॅनरसमोर वाकून बसते आहे.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि आलं तरी "हां हां" म्हणून तू ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. दोन वर्षांपूर्वी तू माझ्या दारापर्यंत आलीस आणि पाणीही न पिता परत डाळजला गेलीस. का, ते मला अजून कळलेलं नाही. आज विचारणारही नाही. आज कामाचं बोलते.

दसऱ्याला आपल्या भावकीचा मेळावा आहे. सात पिढ्यांची वंशावळ मोठ्या फ्लेक्सवर छापायची ठरलंय. गोकुळकाकांनी काम माझ्या गळ्यात घातलं. "तू शाळंच्या लायब्रीत आसतीस, तुला कागदं लावायची सवय हाय." त्यांनी यादी आणून दिली. सात पिढ्या आणि त्यात एक बाई नाही! जणू सगळे उसाच्या कांड्याला फुटले. मी म्हटलं, बायकांची नावं येणार, फोटोही येणार, नाहीतर दुसरं कोणी बघा. काका म्हणाले, "कर बाई तुला काय करायचं ती."

तर अप्पांची पत्र्याची पेटी, काकांच्या घरचे अल्बम, असे मिळून चारशे बारा फोटो झाले. सगळ्यांना नंबर घातले. स्वरालीनं एक सॉफ्टवेअर घालून दिलंय. ते फोटोतल्या प्रत्येक चेहऱ्याभोवती चौकट आखतं, एकाच माणसाचे सगळे फोटो एका ढिगात टाकतं आणि विचारतं, ही व्यक्ती कोण? एकदा नाव लिहिलं की तो माणूस आपोआप वंशावळीत आपल्या जागी जाऊन बसतो. माझी लेक अर्ध्या तासात शिकली, मला तीन दिवस लागले. तुझ्या ढिगात एकसष्ट फोटो आहेत, आक्का. गेल्या दहा वर्षांत तेवढ्या वेळा आपण भेटलो नसू.

ओळखू न आलेल्यांच्या छापील प्रती सोबत आहेत. मागं पेन्सिलनं नाव लिही. ३७ मध्ये बैलाशेजारी फेटेवाला कोण आहे? ६४ मध्ये मोरगावच्या देवळाच्या पायऱ्यांवर तुझ्याशेजारी बसलेली मुलगी कोण? आणि ११८ बघ. गोकुळकाकांच्या लग्नातला आहे, त्यांच्या अल्बममधून आला. पुढं तू फ्रॉक घालून तोंड फुगवून उभी आहेस. तुझ्या मागं एका बाईनं पदर हनुवटीपर्यंत ओढलाय. तोंडच दिसत नाही, म्हणून सॉफ्टवेअर तिला माणसात धरायला तयार नाही. तिच्या कडेवरचं पोर मात्र भोकाड पसरून रडतंय आणि त्याच्याभोवती चौकट आखून ते सारखं विचारतंय, कोण, कोण? मी "दुर्लक्ष करा" दाबून टाकलं. तुला माहीत असेल तर लिही, नसेल तर राहू दे.

आईचा फोटो मी सगळ्यात शेवटी स्कॅन करणार आहे. तो वंशावळीत मोठा लावायचा.

तुझी,
वृषा

बारामती, २७ जुलै २०२५

ती. आक्कास,

प्रती मिळाल्या. तुझं अक्षर अजून तसंच, प्रत्येक शब्द चढावर निघालेला. ३७ म्हणजे पणजोबांचा सालगडी, हे मला जन्मात कळलं नसतं. ११८ च्या मागं मात्र काहीच नाही, पेन्सिल टेकवल्याचा एक ठिपका आहे फक्त. आठवलं नाही वाटतं.

एक गंमत सांगते. काल आईची फ्रेम भिंतीवरून उतरवून स्कॅन केली, तर सॉफ्टवेअरनं तिला उचलून तुझ्या ढिगात टाकलं! "ही तीच व्यक्ती आहे का?" मी "नाही" दाबलं. त्यानं परत विचारलं. मी परत "नाही". तिसऱ्यांदा विचारल्यावर मी संगणकाला दोन शिव्या हासडल्या. स्वराली म्हणाली, "अगं आई, मावशी आजीसारखी दिसते, म्हणून ते गोंधळतंय."

खरं सांगू? मी हसले, पण मला वाईटही वाटलं. आई गेली तेव्हा मी पावणेदोन वर्षांची होते. तुला ती अकरा वर्षं मिळाली आणि वर तिचा चेहराही तुलाच मिळाला. माझ्या वाट्याला एवढी एक फ्रेम. मी चौथीतून पाचवीत गेले त्या उन्हाळ्यात तू ती इंदापूरहून वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होतीस. अप्पा किती वेळ नुसते बघत उभे होते. मग म्हणाले, "व्हय. हीच." त्या दिवसापासून मी माझं सगळं तिला दाखवत आले. दहावीचा निकाल, लग्नाची पत्रिका, आठ दिवसांची स्वराली. दवाखान्यातून घरी नेल्यावर पोरगी आधी त्या फ्रेमसमोर धरली होती, आठवतंय? तू दारात उभी होतीस.

आणि तो हारही आठवत असेल. शाळेत नोकरी लागली तेव्हा मी मोरगावहून चंदनाचा हार आणला आणि फोटोला घातला. अप्पांनी स्टूल ओढलं, हार काढला आणि माझ्या हातात दिला. "हार घालायचा न्हाय. माज्या घरात न्हाय." मी म्हणाले, तुमचं आईवर कधी प्रेम तरी होतं का? ते शेळ्यांकडं निघून गेले. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ते गेले तोवर तसंच चाललं. गेल्यावर फ्रेम मी इकडं आणली आणि पहिल्यांदा तो हार घातला. कुणीतरी घालायला नको का?

ऑगस्टच्या शेवटापर्यंत आईचे आणखी काही तपशील पाठव. जन्मसाल, तिच्या आईचं नाव, जे आठवेल ते.

तुझी,
वृषा

बारामती, १५ ऑगस्ट २०२५

आक्का,

झेंडावंदन करून आले तशी लिहायला बसले आहे.

काल फ्लेक्सवाल्यानं आईचा फोटो जास्त बारकाईनं स्कॅन करून मागितला. मोठा छापायचा तर फाटायला नको, ठिपके दिसायला नकोत म्हणाला. केला. पडद्यावर मोठा करत गेले. डाव्या भुवईवर रंगाचा पातळ हात दिलेला दिसला. त्याच्याखाली, भुवईच्या बरोबर मधून, तिरका व्रण.

तो व्रण मला माहीत आहे. विहिरीच्या पायऱ्यांवरून पडून तुला झालेला. तूच मला शंभर वेळा सांगितलंय की आई गेली त्याच्या पुढच्या साली तू पडलीस आणि टाके घालताना "आई" म्हणून ओरडायचंही तुला सुचलं नाही, कारण आई नव्हती.

मग आईच्या भुवईवर तो कसा आला?

मी सॉफ्टवेअरला पुन्हा विचारू दिलं. "ही तीच व्यक्ती आहे का?" या खेपेला "हो" दाबलं. एकसष्टचे बासष्ट झाले.

तुला मोठं कुंकू लावलंय, डोक्यावरून पदर दिलाय, गालांवर ब्रशनं वय चढवलंय. तू आहेस ती. एकतीस वर्षं मी तुझ्या पाया पडले. तुझ्यासमोर पोरगी धरली, आणि तू मागं दारात उभी राहून ते बघत होतीस. तुझं तोंड उघडलं नाही.

तो पोरखेळ होता का तुला? मला खोटं खेळणं देऊन गप्प बसवलंत तुम्ही दोघांनी?

माझ्या आईचा खरा फोटो कुठं आहे, ते कळव. एवढंच कळव. बाकी काही लिहू नकोस.

वृषाली

बारामती, ३१ ऑगस्ट २०२५

आक्का,

पंधरा दिवस झाले. तुझं उत्तर नाही. म्हणून मी गावी काकूकडं गेले. फोटो तिच्यापुढं ठेवला आणि विचारलं, ही कोण?

काकू गवार निवडत होती. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, फोटोकडं नाही. "आता कळलं व्हय तुला?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्यास्नीच ठावं हाय की. तुज्या अप्पानं बजावलं हुतं, पोरीला कुणी काय बोलायचं न्हाय. मग रीतच पडली. पुढं आमाला वाटलं, तुला कळलं आसंल, तू बी बोलत नसशील."

"मी त्या फोटोशी बोलायचे, काकू."

"व्हय गं. आमी बघायचो की."

आमी बघायचो. हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. दिवाळीला, लग्नाकार्याला, अख्खं घर भरलेलं असताना मी त्या फ्रेमपुढं निरांजन ओवाळायची आणि मागं बसलेला प्रत्येक माणूस ते बघत होता. दाजींना माहीत. शेजाऱ्यांना माहीत. माझ्या लग्नात मी तिच्या पाया पडले तेव्हा सगळ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला होता. मला वाटलं, आईच्या आठवणीनं रडतायत. आता वाटतं, माझी कीव करत होत्या.

परक्यानं फसवलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. तू मला न्हाऊ घातलंस, माझ्या वेण्या घातल्यास. माझा तुझ्यावर जेवढा विश्वास होता तेवढा देवावरही नव्हता. त्याचं हे केलंस.

काकू म्हणते, खरा फोटो एक होता, तो तुझ्याकडं दिलेला तिनं बघितलाय. म्हणजे तुझ्याकडं आहे. तुला आठवणीही हव्यात आणि फोटोही हवा. अठरा तारखेला फ्लेक्स छपाईला जातोय. तोवर फोटो आला नाही, तर मी दसऱ्याला सगळ्या भावकीपुढं माईक घेऊन विचारीन. मला ओळखतेस.

वृषाली

डाळज, ८ सप्टेंबर २०२५

चि. वृषालीस,

तू लिवलंस बाकी काय लिवू नगंस. पण मला सगळंच लिवावं लागंल. सूरज सुट्टीला आलाय, तो म्हणाला मी लिवतो. मी म्हणलं नगं, लेकानं ह्ये लिवायचं न्हाय.

फोटू माज्याकडं न्हाय. आसता तर तुज्या हळदीच्या दिवशीच दिला आसता.

आईचा एकच फोटू हुता, तळहाताएवढा. अप्पा पेटीत ठेवायचे. तू तवा बाजारात हिरवं लुगडं दिसलं की त्या बाईच्या मागं जायचीस आन् इचारायचीस, माजी आई आशी हुती का. एकदा एका बाईनं तुला हाकललं. त्या दिवशी अप्पांनी फोटू काढून माज्या हातात दिला, म्हणले इंदापूरला जाऊन मोठा करून आण. मी रुमालात बांधून एस्टीत बसले. ष्टुडिओत जाऊन रुमाल सोडला तर आत काय न्हाय. स्टँडवर पळत गेले. गाडी सोलापूरला गेलती. फलाटावर बाकाखाली वाकून वाकून बघितलं. लोकं म्हणत हुती, पोरीचं काय हरवलं.

ष्टुडिओवाला म्हातारा भला हुता. म्हणला, रडू नगंस, ज्यांचा फोटूच न्हाय त्यांचं आमी आसंच करतो, घरातल्या कुणाला तरी बसवतो आन् ब्रश मारतो, निम्म्या तालुक्याच्या भिताडावर तसलेच फोटू हायती. आईवानी दिसतीस का? मी व्हय म्हणले. खोटं बोलले, वृषे. मी अप्पावानी हाय. त्यानं ष्टुडिओतलं लुगडं दिलं, कुकू लावलं. मी एकोणीस वर्साची हुते.

अप्पांनी फोटू बघितला तवा मला वाटलं मारतील. तू त्यांचा हात धरून हुबी हुतीस. त्यांनी एकदा तुज्याकडं बघितलं, एकदा माज्याकडं, आन् म्हणले, व्हय हीच. पुन्ना कदी त्यावर बोलले न्हाईत. हार तेवढा घालू दिला न्हाय. जित्या लेकीच्या फोटूला हार कसा घालू देतील? तू त्यांना नगं ते बोललीस, मी चुलीम्होरं बसून ऐकलं, तरी उठले न्हाय. ह्येचं पाप माजं हाय.

दोन वर्सामागं तुज्या दारात आले आन् हार बघितला. सोताचाच फोटू. पाय आत पडंना. त्याच साली उजवा कान गेला. डाक्टर म्हणतो वयाचं हाय. मी बी तसंच म्हणते.

तू म्हणतीस आठवणी तुला हायती. आता सांगते ते कुणालाच सांगितल्यालं न्हाय. मला बी आईचं तोंड आठवत न्हाय. पयलं आठवायचं. मग रोज भिताडावर तेच दिसायचं. आता डोळं मिटलं की ष्टुडिओतलं कुकू दिसतं, माजंच तोंड दिसतं. नाक तुज्याकडं आलंय, एवढं आजी म्हणायची म्हणून ठावं हाय. बाकी गेलं. फोटू एस्टीत गेला आन् आई ह्या फ्रेमीत गेली.

तुज्या त्या ११८ नंबरात पदर वडल्याली आई हाय. फोटूवाल्याच्या शेजारी आजा हुबा हुता, सासऱ्याम्होरं ती तोंड दाखवायची न्हाय. मनगटावर तुळस गोंदल्याली हाय, बघ. मी जुलैतच वळखली. नाव लिवाया पेन्शिल टेकवली आन् उचलली. लिवलं आसतं तर तू इचारलं आसतंस, मग भिताडावरची कोण.

कडंवर तू हायस.

माईक घ्यायचा तर घे. मी फुडं बसते.

आक्का

बारामती, १४ सप्टेंबर २०२५

आक्का,

पत्र तीनदा वाचलं.

माफ केलं असं समजू नकोस. एसटीत फोटो हरवला, याचा राग नाही. त्या दिवशी घरी येऊन "हरवला" म्हणाली असतीस तर मी आठ दिवस रडले असते, तुला बोचकारलं असतं, आणि मग आपण दोघी मिळून रडलो असतो. तुम्ही मला रडूही दिलं नाहीत. एकतीस वर्षं माझ्या सगळ्या गोष्टी चुकीच्या बाईला सांगायला लावल्यात, आणि ती बाई शेजारच्या खोलीत भाकरी थापत होती. एकदा हाक मारून सांगायचं होतंस, वृषे, इकडं ये, मलाच सांग. मी तुलाही सांगितलं असतं गं.

अप्पांचं तर काय करू? त्यांच्यावर चिडायचं की त्यांच्या पाया पडायचं? मी त्यांना दगड समजत होते. त्यांनी तुला हारापासून वाचवलं, मला खऱ्यापासून वाचवलं, आणि मी जे बोलले ते मुकाट ऐकून घेतलं. आता भांडायलाही माणूस उरला नाही. काल तो चंदनाचा हार काढून त्यांच्या फोटोला घातला.

मला वाटलं होतं, फोटो नसला तरी तुला धरून बसवीन. डोळे कसे होते, रंग कसा होता, हसायची कशी, सगळं खोदून काढीन. आणि तू लिहितेस, तुलाही आठवत नाही. हे वाचून मला तुझा जितका राग आला तितका त्या व्रणानंही आला नव्हता. आणि मग माझ्यापेक्षा तुझंच जास्त गेलंय हे लक्षात आलं, त्याचाही राग आला. माझ्याकडं कधी नव्हतंच. तुझ्याकडं होतं.

११८ पुन्हा उघडला. मनगट मोठं केलं. तुळसच आहे, खाली छोटंसं वृंदावनही आहे. ती एका हातानं पोर सावरतेय, आणि दुसरा हात तुझ्या डोक्यावर ठेवलाय, फ्रॉकवाल्या मुलीच्या. हे तू लिहिलं नाहीस. बघितलंस का? तुझी प्रत काढ आणि बघ.

या सॉफ्टवेअरमध्ये दुर्लक्ष केलेल्या चेहऱ्यांची वेगळी यादी असते. तिच्यात ते भोकाड पसरलेलं पोर सापडलं. मीच टाकलं होतं. बाहेर काढलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. मग पदराभोवती हातानं चौकट आखली. त्यानं विचारलं, इथे चेहरा आढळला नाही, तरीही जतन करायचं? मी "हो" दाबलं. नाव लिहिलं, द्वारकाबाई. वंशावळीत ती जाऊन बसली, आपल्या दोघींच्या वर.

फ्लेक्सवर तोच फोटो जातोय. गोकुळकाका म्हणाले, "आगं, तोंड दिसत न्हाय, लोकं काय म्हणतील?" मी म्हटलं, तुमच्या वडिलांसमोर झाकलं होतं तिनं, लोकांना तुम्हीच सांगा. माईक मी घेणार नाही. तुझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी.

उद्या अविधवा नवमी, सवाष्ण गेलेल्यांचं श्राद्ध. अप्पा गेल्यावर ती करायची नसते म्हणतात, पण मी करणार आहे, ११८ समोर ठेवून. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर ती होऊन गेलेली असेल.

भिंतीवरचा खिळा रिकामा आहे. फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आहे, तू आणली होतीस तशीच. मागच्या बाजूला मी पेन्सिलनं लिहिलंय, आक्का, वय एकोणीस. तुझा फोटो आहे, तू येऊन घेऊन जा. हार काढलाय, आता दारातून परत जायचं कारण नाही. आत ये, पाणी पी, माझं काय बोलायचं ते ऐक. डाव्या कानाच्या बाजूला बसेन.

पोस्टानं मी तो पाठवणार नाही.

वृषा